इंजिनाच्या दुरुस्तीनंतर ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

हेड उतरवून गॅस्केट बदलले, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील नवे टाकले, टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबर पुन्हा बसवले आणि गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली, की काम संपले असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अनेकदा काही आठवड्यांनी चेक इंजिनाचा दिवा लागतो, पेट्रोल जास्त लागू लागते, थांबलेल्या गाडीचे इंजिन वरखाली होऊ लागते आणि स्कॅनर एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवतो. सेन्सरचे आयुष्य संपले असे समजून नवा सेन्सर आणला जातो, आणि काही वेळा तोही तसाच जातो. अशा बहुतेक प्रसंगी सेन्सर आपणहून मेलेला नसतो. मूळ बिघाडाच्या काळात सिलिंडरमध्ये झिरपलेले कूलंट आणि ऑइल, किंवा खुद्द दुरुस्तीत वापरलेले सीलंट आणि स्प्रे यांचे अंश धुरावाटे त्याच्या टोकापर्यंत पोहोचलेले असतात. एकदा विषबाधा झालेला सेन्सर पूर्ववत होत नाही, म्हणून दुरुस्तीच्या सुरुवातीपासूनच कामांचा क्रम सेन्सरला डोळ्यांसमोर ठेवून लावावा लागतो. हा क्रम कसा लावायचा, हे पुढे सविस्तर दिले आहे.

टोकावर नेमके काय घडते

मोटारींमध्ये हा सेन्सर १९७६ पासून वापरात आहे. बॉश कंपनीने तो विकसित केला आणि व्होल्व्होच्या गाड्यांमध्ये तो प्रथम बसवला गेला. त्याचा गाभा झिर्कोनियम डायऑक्साइड या सिरॅमिकचा असतो आणि त्याच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागावर प्लॅटिनमचा अत्यंत पातळ, सच्छिद्र थर असतो. बाहेरच्या बाजूला एग्झॉस्टचा वायू आणि आतल्या बाजूला स्वच्छ हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात जो फरक असतो, त्यानुसार सेन्सर व्होल्टेज निर्माण करतो. इंधन जास्त असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट आणि हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ ते ०.२ व्होल्ट मिळतात. पेट्रोलसाठी आदर्श मानल्या जाणाऱ्या १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपास हे व्होल्टेज झपाट्याने बदलते, आणि या बदलाच्या आधारे इसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे सतत ठरवत राहतो. सिरॅमिकला काम करण्यासाठी ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, म्हणूनच आजच्या सेन्सरमध्ये स्वतंत्र हीटर असतो.

या रचनेतील दोन गोष्टी आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे वायूला आत घेणारी छिद्रे आणि प्लॅटिनमवरचा संरक्षक थर. या थरात सूक्ष्म भुकटी भरली, की वायू सिरॅमिकपर्यंत उशिरा पोहोचतो आणि सेन्सर सुस्तावतो. दुसरी म्हणजे आतल्या बाजूची स्वच्छ हवा. अनेक सेन्सरमध्ये ती वायरच्या तारांमधल्या पोकळीतून येते, त्यामुळे टोक जपले पण कनेक्टरमध्ये ग्रीस भरले तरी सेन्सर चुकीचे सांगू शकतो. कनेक्टरकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

सर्वांत घातक पदार्थ: सिलिकॉन

दुरुस्तीशी संबंधित सर्व पदार्थांमध्ये सिलिकॉन सर्वांत वाईट आहे, आणि ते आपण स्वतःच्या हाताने इंजिनात घालतो. सर्वसाधारण सिलिकॉन सीलंट वाळताना त्यातून उडून जाणारे सिलिकॉनयुक्त वायू बाहेर पडतात. ऑइल चेंबर किंवा टॅपेट कव्हर यांना लावलेल्या सीलंटचे हे वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, साठतात, तिथले वायू बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेकमध्ये ओढले जातात, सिलिंडरमध्ये जळतात आणि त्यांचे सिलिका बनते. सिलिका म्हणजे वाळू ज्याची बनलेली असते तोच पदार्थ. त्याची सूक्ष्म पांढरी भुकटी सेन्सरच्या टोकावर बसते, संरक्षक थराची छिद्रे बंद करते, आणि ती जळून जात नाही. इंजिनाच्या बाहेरून, टॅपेट कव्हरसारख्या अगदी वरच्या जागी लावलेले सीलंट एग्झॉस्टमधल्या सेन्सरला कसे काय मारेल, असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर या पीसीव्हीच्या वाटेत आहे.

सिलिकॉनचे किती थोडे प्रमाण पुरते, हे २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आग्नेय इंग्लंडमध्ये दिसून आले. तिथे विकल्या गेलेल्या पेट्रोलमध्ये सिलिकॉनचा अंश मिसळला गेला होता. हजारो गाड्या झटके देऊ लागल्या, त्यांची ताकद गेली आणि त्यांचे ऑक्सिजन सेन्सर बदलावे लागले. त्या गाड्यांच्या इंजिनांमध्ये कोणताही यांत्रिक बिघाड नव्हता.

म्हणून सीलंट निवडताना ट्यूबवर ते ऑक्सिजन सेन्सरसाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे पाहावे. नुसते 'जास्त तापमान सहन करणारे' असे लिहिलेले असणे पुरेसे नाही, कारण तापमान सहन करणे आणि सेन्सरला निरुपद्रवी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एक सोपी खूण नाकानेही ओळखता येते. ट्यूबचे टोक कापून थोडे सीलंट बाहेर काढल्यावर व्हिनेगरसारखा आंबट, नाकात झोंबणारा वास आला, तर ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडणारे जुन्या पद्धतीचे सिलिकॉन आहे. ते खिडक्यांच्या काचांना किंवा न्हाणीघरातल्या फटींना ठीक आहे, इंजिनाला लावू नये. त्या आम्लाने धातूही गंजतो. अर्थात आंबट वास नसणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे, त्यामुळे वेष्टनावरचा मजकूर वाचण्याला पर्याय नाही.

योग्य सीलंट निवडले तरी ते किती आणि कसे लावले, यावर बरेच काही अवलंबून असते. ज्या सांध्याला निर्मात्याने कागदी, रबरी किंवा धातूचे गॅस्केट दिले आहे, तिथे 'खात्रीसाठी' वरून सीलंट फासण्याची सवय सोडावी. जिथे सीलंटच द्यायचे आहे, तिथे दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने थर खरवडून आणि तेलाचा अंश पुसून कोरडे करावेत आणि मॅन्युअलमध्ये वेगळे माप दिलेले नसेल तर दोन ते तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढावी. बोल्ट आवळल्यावर बाहेरच्या कडेने सीलंटची जेवढी वळी बाहेर आलेली दिसते, साधारण तेवढीच आतल्या बाजूलाही गेलेली असते. बाहेरची वळी आपण बोटाने पुसून टाकतो, आतली मात्र ऑइलमध्ये लोंबत राहते आणि तिचे वायू थेट क्रँककेसमध्ये जातात. कधी तिचा तुकडा तुटून ऑइल पंपाच्या जाळीतही अडकतो. बाहेर सीलंट जेमतेम दिसेल एवढेच ते लावावे.

यानंतर सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम येतो, तो म्हणजे वाळण्याचा वेळ. सीलंटवर काही मिनिटांत कातडी धरते आणि ते वाळले असे वाटते, पण आतपर्यंत पूर्ण वाळायला अनेक सीलंटना सुमारे २४ तास लागतात. थंड किंवा फार कोरड्या हवेत याहून जास्त वेळ लागतो, कारण ही सीलंट हवेतल्या ओलाव्यावर वाळतात. ट्यूबवर दिलेला पूर्ण वेळ इंजिन सुरू न करता जाऊ द्यावा आणि त्या काळात ऑइल भरण्याचे झाकण उघडे ठेवून त्यावर स्वच्छ, धागे न सुटणारे कापड टाकावे, म्हणजे वायू बाहेर निघून जातील. घाईची दुरुस्ती असेल तर ज्या सांध्यांना सीलंट लागते ते काम आदल्या दिवशी उरकावे आणि बाकीची जोडणी दुसऱ्या दिवशी करावी. माझ्या मते सेन्सर वाचवण्यासाठी करण्यासारख्या सर्व गोष्टींत ही एक रात्र थांबण्याची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे.

सिलिकॉन केवळ ट्यूबमध्ये नसते. होज सहज चढावा म्हणून मारलेला सिलिकॉन स्प्रे, रबरी भागांना चकाकी आणणारे पॉलिश आणि सिलिकॉनयुक्त वंगण हे सर्व इनटेकच्या आसपास वापरले तर तिथून आत ओढले जाते. इनटेकचा होज चढवायला थोडे साबणाचे पाणी पुरते. एग्झॉस्टचे सांधे बुजवण्याच्या पेस्टमध्येही काही वेळा घातक घटक असतात. सेन्सरच्या आधीच्या कोणत्याही सांध्याला पेस्ट न लावता नवे गॅस्केट घालणे हेच योग्य.

कूलंट

हेड गॅस्केट फुटलेले असेल किंवा हेडला चीर गेलेली असेल, तर दुरुस्तीला येण्याआधीच कित्येक दिवस सिलिंडरमध्ये कूलंट जळत असते. कूलंटमधले ग्लायकॉल आणि पाणी जळून किंवा वाफ होऊन जाते, पण गंज रोखण्यासाठी घातलेली सिलिकेट आणि फॉस्फेटसारखी द्रव्ये राख होऊन मागे उरतात आणि पांढुरक्या, दाणेदार थराच्या रूपाने सेन्सरवर बसतात. काही आधुनिक कूलंटमध्ये सिलिकेट आणि फॉस्फेट नसतात आणि ती तुलनेने कमी घातक असतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

येथे एका उपायाविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. रेडिएटरमध्ये ओतून हेड गॅस्केटची गळती बंद करणारी जी बाटलीबंद द्रव्ये मिळतात, त्यांपैकी अनेकांत सोडियम सिलिकेट असते, ज्याला जलकाच म्हणतात. ते गरम फटीत जाऊन काचेसारखे घट्ट होते, म्हणूनच गळती थांबते. पण फट बुजण्याआधी त्यातले जे काही सिलिंडरमध्ये शिरते, ते जळून सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे एग्झॉस्टमधले विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या भागावर, सिलिकाचाच थर चढवते. ज्या गाडीत असे द्रव्य ओतले गेले आहे आणि नंतर हेड उतरवावे लागले आहे, त्या गाडीचा पहिला, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर खराब झाला असेल असे गृहीत धरूनच पुढची आखणी करावी, आणि गाडीमालकाला तसे आधीच सांगावे.

हेड उतरवलेले असताना पिस्टनच्या माथ्यावर आणि बोल्टच्या भोकांत साठलेले कूलंट कापडाने टिपून घ्यावे. भोकांत द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉकला चीर जाण्याचाही धोका असतो. हेड बसवल्यानंतर स्पार्क प्लग काढून ठेवून, इंधन आणि इग्निशन बंद करून, काही सेकंद स्टार्टर फिरवावा. सिलिंडरमध्ये उरलेला द्रव प्लगच्या भोकांतून बाहेर उडून येतो, आणि तो जितका इथून निघेल तितका एग्झॉस्टमध्ये कमी जाईल. ऑइलमध्ये कूलंट मिसळून ते दुधाळ झालेले असेल, तर एकदा ऑइल बदलून भागत नाही. नवे ऑइल आणि फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, ते ऑइल काढून टाकावे आणि दुसऱ्यांदा नवे ऑइल व फिल्टर घालावा. ऑइलमध्ये राहिलेल्या पाण्याची आणि ग्लायकॉलची वाफ त्याच पीसीव्हीच्या वाटेने इनटेकमध्ये जात असते.

ऑइल, काजळी आणि बाकीचे

ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस असलेले एक द्रव्य घातलेले असते. जळलेल्या ऑइलची राख सेन्सरवर तपकिरी थर चढवते आणि फॉस्फरस कन्व्हर्टरलाही निकामी करतो. याच कारणासाठी पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमधल्या फॉस्फरसवर मर्यादा घातल्या गेल्या. इंजिन ऑइलच्या आयएलएसएसी जीएफ-४ या २००४ च्या मानकाने ही मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली. तेव्हा रिंगा बसवल्यानंतरच्या काळात मुद्दाम जास्त फॉस्फरसचे ऑइल किंवा झीज रोखणारी जादा द्रव्ये घालण्याऐवजी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण जास्त भरलेले ऑइल फेसाळून पीसीव्हीतून इनटेकमध्ये जाते. जोडणीच्या वेळी सिलिंडरच्या भिंतींना ऑइलचा पातळ हात पुरतो, ओतण्याची गरज नसते.

टर्बो बदललेल्या गाडीत इंटरकूलर आणि त्याचे पाइप उतरवून त्यांतले साठलेले ऑइल निथळून काढणे अत्यावश्यक आहे. हे राहून गेले तर नवा टर्बो निर्दोष असूनही इंजिन पुढे बरेच दिवस ते जुने ऑइल ओढून जाळत राहते आणि धूर पाहून नव्या टर्बोवर संशय घेतला जातो.

इंधन जास्त गेल्याने बसलेली काळी, मऊ काजळी मात्र या सर्वांत सौम्य आहे. मूळ कारण दूर करून गाडी महामार्गावर व्यवस्थित गरम चालवली, की ती बहुधा जळून जाते. शिसे घातक आहे, पण शिसेविरहित पेट्रोलच्या काळात ते येते ते प्रामुख्याने चुकीच्या इंधनातून किंवा आटे अडकू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या शिसेयुक्त अँटी-सीझ पेस्टमधून. ऑक्टेन वाढवणाऱ्या काही बाटल्यांत मँगेनीजचे संयुग असते आणि त्याने टोकावर लालसर थर बसतो. दुरुस्तीनंतर इंजिनाला 'ताकद' म्हणून असे काही पेट्रोलच्या टाकीत घालू नये.

सेन्सर काढणे, ठेवणे आणि बसवणे

एग्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा हेड काढायचे असेल आणि सेन्सर चांगला असेल, तर तो आधी काढून ठेवावा. प्रथम कनेक्टर सोडवावा आणि एग्झॉस्ट कोमट असताना, म्हणजे हात भाजणार नाही पण धातू किंचित फुगलेला आहे अशा वेळी, वायरसाठी खाच असलेल्या सॉकेटने तो फिरवावा. बहुतेक गाड्यांत त्याची चावी २२ मिलिमीटरची आणि आटे १८ मिलिमीटर व्यासाचे, १.५ मिलिमीटर अंतराचे असतात. आटे अडकले असतील तर जंग सोडवणारे द्रव बाहेरून अगदी थोडे सोडून वेळ द्यावा. जोर लावून फिरवल्यास सेन्सर निघतो, पण मॅनिफोल्डचे आटे सोबत घेऊन निघतो.

काढलेला सेन्सर स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डबीत ठेवावा. सीलंट लागलेल्या हातमोज्यांनी किंवा ऑइलच्या फडक्याने तो धरू नये. तो जमिनीवर पडला तर बाहेरून काहीही दिसत नसले तरी आतले सिरॅमिक तडकलेले असू शकते, आणि तसा सेन्सर पुन्हा बसवू नये. टोक ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर, पेट्रोल किंवा तारेच्या ब्रशने साफ करण्याचा मोह टाळावा. सिलिकाचा थर यांपैकी कशानेही निघत नाही आणि प्लॅटिनमवरचा संरक्षक थर मात्र खरवडला जातो.

काढलेला सेन्सर उजेडात नीट पाहणे हे या सर्व कामातले सर्वांत बोलके निरीक्षण आहे. टोकावरच्या संरक्षक कवचाला लहान भोके किंवा खाचा असतात. भिंगातून त्या खाचांच्या कडा पाहाव्यात. कवचावर एकसारखी फिकट राखाडी किंवा तपकिरी झाक असेल तर सेन्सर सामान्य स्थितीत आहे. खाचांच्या कडांना पिठासारखी पांढरी, बोटाला किंचित खरखरीत लागणारी भुकटी चिकटलेली असेल तर सिलिकॉन किंवा कूलंट यांचा संशय धरावा. गडद तपकिरी, पापुद्र्यांसारखा थर ऑइल दाखवतो आणि मऊ काळी पूड काजळी दाखवते. हा रंग पाहून दुरुस्ती योग्य ठिकाणी झाली की नाही याचाही अंदाज घेता येतो. गॅस्केट बदलले, पण टोकावर तपकिरी थर आहे, तर रिंगा आणि व्हॉल्व्ह सील तपासायचे राहिले आहेत.

बसवताना फक्त आट्यांना अँटी-सीझ लावावे, टोकापासून ते दूर ठेवावे, आणि ते निकेलयुक्त व सेन्सरसाठी चालणारे असावे. नव्या सेन्सरच्या आट्यांना ते बहुधा आधीच लावलेले असते, तसे असेल तर वरून आणखी लावू नये. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्यावा. १८ मिलिमीटरच्या आट्यांसाठी तो साधारण ४० ते ५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर घालू नये, आणि वायर जोडावी लागलीच तर डाग देऊन जोडू नये, दाबून बसणारा जोड वापरावा. वितळलेले कथील तारांमधली पोकळी भरून टाकते आणि आत जाणारी हवा अडते.

पहिली सुरुवात कोणत्या सेन्सरवर करावी

सेन्सर बदलायचाच असेल, तर नवा सेन्सर सर्वांत शेवटी बसवावा. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या काही तासांत एग्झॉस्टमधून जोडणीचे वंगण, उरलेले कूलंट, सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल आणि सीलंटचे शेवटचे वायू असे सर्व काही जाते. हे सोसण्याचे काम जुन्या सेन्सरकडून करून घ्यावे. जुना सेन्सर बसवून इंजिन सुरू करावे, ते पूर्ण तापू द्यावे, कूलंटमधली हवा काढावी, एग्झॉस्टमधून येणारा पांढरा धूर आणि गोडसर वास पूर्ण थांबेपर्यंत चालवावे, गळती तपासावी आणि शक्य असल्यास एक-दोन दिवस सौम्यपणे गाडी वापरावी. कन्व्हर्टर आणि मफलरमध्ये साठलेले कूलंट निघून जायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. थंड इंजिनातून सकाळी थोडी वाफ येणे नैसर्गिक आहे, ती तापल्यावर नाहीशी होते. तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर म्हणजे अजून काहीतरी गळते आहे. धूर थांबला, कूलंटची पातळी स्थिर राहिली, की मग जुना सेन्सर काढून नवा बसवावा, स्कॅनरने कोड पुसावेत आणि इंधनाची शिकलेली दुरुस्तीही (फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयूने सेन्सरवरून इंधनाच्या मापात केलेला बदल) शून्यावर आणावी, म्हणजे इसीयू जुन्या सेन्सरच्या चुकीच्या माहितीवर बेतलेले अंदाज पुढे चालवणार नाही.

सेन्सर चांगला असेल आणि तोच वाचवायचा असेल, तर निर्णय थोडा अवघड होतो. कूलंट किंवा ऑइल सिलिंडरमध्ये गेलेलेच नव्हते, केवळ टॅपेट कव्हरची गळती किंवा टायमिंगचे काम होते, अशा वेळी सीलंट पूर्ण वाळू देऊन त्याच सेन्सरवर इंजिन सुरू करायला हरकत नाही. पण सिलिंडरमध्ये बरेच काही साठलेले असेल, तर पहिल्या काही मिनिटांसाठी सेन्सरच्या जागी त्याच आट्यांचा प्लग लावून इंजिन चालवता येते. मात्र त्या वेळी सेन्सरचा कनेक्टर सोडवलेला असावा, कारण जोडलेला सेन्सर बाहेर लोंबत राहिला तर त्याचा हीटर टोक प्रचंड तापवतो आणि त्याचा वायरला किंवा हाताला स्पर्श होऊ शकतो. सेन्सरशिवाय इसीयू ठराविक अंदाजाने इंधन देतो, त्यामुळे अशा अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नये. जास्तीचे इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अति तापतो. हे काम फक्त उभ्या गाडीत, काही मिनिटांपुरते करावे.

एका बाबतीत मात्र मी जुना सेन्सर वाचवण्याच्या भरीस पडू नये असेच म्हणेन. हीटर असलेल्या सेन्सरचे आयुष्य साधारण १,६०,००० किलोमीटर धरले जाते. गाडी त्या आकड्याच्या जवळ आलेली असेल आणि इंजिन खोलावे लागले असेल, तर जुन्या सेन्सरला पहिल्या सुरुवातीच्या कामी लावून नंतर नवा बसवणे हेच शहाणपणाचे ठरते.

आणखी एक काळजी पाण्याची. इंजिन धुऊन लगेच सुरू करू नये. एग्झॉस्टमध्ये पाण्याचे थेंब असताना हीटरने तापलेल्या सिरॅमिकवर ते उडाले तर ते तडकते. थंड इंजिनात हीटरला पूर्ण वीज देण्याआधी अनेक इसीयू एग्झॉस्ट कोरडा होईपर्यंत थांबतात, ते याच कारणाने.

तपासणी

नवा किंवा वाचवलेला सेन्सर बसवल्यानंतर इंजिन पूर्ण तापवून स्कॅनरवर त्याचे व्होल्टेज जिवंत आलेखाच्या रूपात पाहावे. साध्या, म्हणजे रुंद पट्ट्याच्या (वाइडबँड, मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या) नसलेल्या सेन्सरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवले असता आलेख ०.२ आणि ०.८ व्होल्टच्या दरम्यान दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी वरखाली झाला पाहिजे आणि चढण-उतरण उभी, धारदार दिसली पाहिजे. चढण लोळल्यासारखी तिरकी दिसू लागली, की टोक माखले जाऊ लागले आहे असे समजावे. चेक इंजिनाचा दिवा यानंतर बऱ्याच उशिरा लागतो. रुंद पट्ट्याच्या सेन्सरचा आलेख असा वरखाली होत नाही, तिथे हवा-इंधनाचे प्रमाण आणि इंधनाची दुरुस्ती पाहावी. दीर्घकालीन इंधन दुरुस्ती साधारण अधिक किंवा उणे १० टक्क्यांच्या आत असावी.

कोड वाचताना घाई करू नये. पी०१३३ हा पहिल्या सेन्सरच्या सुस्त प्रतिसादाचा कोड आहे आणि दुरुस्तीनंतर तो आला तर माखलेल्या टोकाचा संशय रास्त आहे. पी०१३५ हा हीटरच्या परिपथाचा आहे आणि तो बहुधा फ्यूज, वायर किंवा अर्धवट बसलेल्या कनेक्टरमुळे येतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. हेड आणि मॅनिफोल्ड काढलेल्या गाडीत हा कोड आल्यास सेन्सरला दोष देण्याआधी इनटेकचे होज आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे, कारण सेन्सरच्या आधी एग्झॉस्टमध्ये बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खरे तेच सांगत असूनही इसीयूची फसगत होते. पी०४२० हा कन्व्हर्टरची क्षमता कमी झाल्याचा कोड आहे, तो आला तर पहिल्या सेन्सरला मारणारा पदार्थ कन्व्हर्टरपर्यंतही पोहोचला असण्याची शक्यता धरावी.

पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी सेन्सर पुन्हा एकदा काढून टोक पाहावे. त्या वेळी एग्झॉस्ट कोमट असेल तर हे काम काही मिनिटांचे आहे. खाचांच्या कडांना पुन्हा पांढरी भुकटी दिसू लागली असेल, तर आणखी एक सेन्सर आणू नये. आधी कूलंटची पातळी रोज सकाळी थंड इंजिनावर खूण करून पाहावी, रेडिएटरच्या तोंडाशी ज्वलनवायू ओळखणाऱ्या द्रवाची चाचणी करावी, ज्यात निळा द्रव पिवळा झाला तर हेड गॅस्केट किंवा हेड अजून गळत आहे हे निश्चित होते, आणि द्रव निळाच राहिला तर टॅपेट कव्हर उघडून आतल्या कडेला लोंबणाऱ्या सीलंटच्या वळ्या आहेत का ते पाहून, असल्यास त्या काढून, तो सांधा योग्य सीलंटने नव्याने बांधावा. नवा सेन्सर त्यानंतर घ्यावा.